यंत्राशेजारचा माणूस

डिसेंबर २०२३ उजाडेपर्यंत दादर स्टेशनवर कुणाला भेटायचं ठरवणं हे धाडसाचं काम होतं. फोनवर ‘एक नंबरवर भेटू’ असं ठरायचं आणि ठरल्या वेळी दोन्ही पक्ष इमानेइतबारे एक नंबरवर हजर व्हायचे. मग सुरू व्हायचा तो दादरचा सुप्रसिद्ध संवाद.

“अरे, आहेस कुठे?”

“एक नंबरवर.”

“मीपण एक नंबरवरच आहे.”

“मग दिसत का नाहीस?”

“तू कुठल्या एक नंबरवर आहेस?”

“कुठल्या म्हणजे? एक नंबर काय दहा असतात?”

दहा नसायचे, पण दोन असायचे. एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्य रेल्वेचा. मध्ये बाकीचे फलाट, वर पूल आणि पुलावर अख्खी मुंबई. या दोन एक नंबरांनी किती मुलाखती हुकवल्या आणि किती जमत आलेली लग्नं मोडली, याची नोंद दोन्ही रेल्वेंकडे नाही. ‘मुलगा शिकलेला आहे, पण वेळ पाळत नाही’ असा शेरा मिळालेला बिचारा त्या वेळी फुलबाजारातून घेतलेला गजरा हातात धरून दुसऱ्या एक नंबरवर तासभर उभा असायचा.

गंमत अशी की दोन्ही रेल्वेंची मोजणी आपापल्या जागी बिनचूक होती. दोघींनी आपापल्या हद्दीत एकपासून सुरुवात केली, त्यात त्यांचं काय चुकलं? पण प्रवासी दोन रेल्वे ओळखत नव्हता, तो एक दादर ओळखत होता. दोन महाव्यवस्थापक, दोन मुख्यालयं आणि दोन वेळापत्रकं असतात, हे त्याला घरी कुणी शिकवलेलं नव्हतं. प्रवाशांनी वर्षानुवर्षं कंठशोष केला तेव्हा ९ डिसेंबर २०२३ रोजी गंगेत घोडं न्हालं. पश्चिमेचे एक ते सात नंबर तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे फलाट आठपासून पुढे चौदापर्यंत गेले.

लोकांनी लगेच सोपा हिशोब मनाशी बांधला: जुन्या नंबरात सात मिळवायचे. पहिल्या फलाटाला हिशोब जुळला, एकचा आठ झाला. पुढचा दोन नंबर मात्र एकचा फलाट रुंद करण्यासाठी सप्टेंबरातच बंद करून टाकला होता. त्यामुळे तीनचा दहा व्हायच्या ऐवजी नऊ झाला आणि तिथून पुढे सहा मिळवणं भाग पडलं. बोर्डात गणितात काठावर पास झालेली माणसं पुलाच्या पायऱ्यांवर बोटं मोजत उभी असलेली दिसू लागली. हे अंगवळणी पडतंय तोवर, २०२४च्या फेब्रुवारीअखेरीस दहाचा झाला ‘९-अ’ आणि ‘१०-अ’चा झाला दहा.

“गाडी कुठे लागते हो?”

“नववी अ.”

“आणि ब तुकडी?”

आता दादरला चौदापर्यंत आकडे आहेत आणि एकही दोनदा येत नाही. तरी विचारणारा विचारतोच, “आठ म्हणजे सेंट्रलचा जुना एक ना?” आणि सांगणाराही तेवढ्याच आपुलकीनं सांगतो. पूर्वी एका वाक्यात काम व्हायचं, आता दोन लागतात. पण भेट होते.

दादरला एक नाव आणि दोन रेल्वे, तर पुढे परळला उलटा कारभार. तिथे मध्य रेल्वेचं परळ आणि पश्चिम रेल्वेचं प्रभादेवी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत, पण नावं वेगळी. प्रभादेवीचं नाव जुलै २०१८पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं आणि गिरणगावातल्या जिभेवर ते अजून तसंच आहे. त्यात भर म्हणून पश्चिमेलाच ‘लोअर परळ’ नावाचं तिसरं स्टेशन. केईएम रुग्णालयात पेशंटला बघायला निघालेला पाहुणा ‘परळ’ एवढंच लक्षात ठेवून लोअर परळला उतरतो आणि तिथल्या कंपन्यांच्या काचेच्या इमारतींपुढे डाळिंबांची पिशवी घेऊन उभा राहतो.

“भाऊ, हे लोअर आहे तर अप्पर परळ कुठे आलं?”

“अप्पर असं काही नाही. परळ आहे.”

“मग हे काय आहे?”

सांगणाऱ्याकडे यावर उत्तर नसतं. तो हातानं दिशा दाखवतो आणि पाहुणा चालू लागतो.

इंडिकेटरची तऱ्हा आणखी निराळी. मध्य रेल्वेच्या लोकलला शेवटच्या स्टेशनाची ओळख म्हणून इंग्रजी अक्षरं दिलेली आहेत. कल्याणला ‘के’, ठाण्याला ‘टी’ इथपर्यंत कुणाची तक्रार नाही. पण कर्जतला ‘एस’ आणि कसाऱ्याला ‘एन’. कर्जत या नावात ‘एस’ शोधून प्रवाशाचे डोळे दुखायला लागतात. खुलासा असा की कल्याणनंतर रूळ दोन बाजूंना फुटतात. कसाऱ्याचा फाटा ईशान्येला, म्हणजे उत्तरेच्या अंगानं जातो आणि कर्जतचा आग्नेयेला, म्हणजे दक्षिणेच्या अंगानं. तेव्हा नॉर्थचा ‘एन’ आणि साऊथचा ‘एस’. ज्या साहेबांनी ही अक्षरं ठरवली, त्यांच्या डोळ्यांपुढे होकायंत्र खिशात घालून घराबाहेर पडणारा प्रवासी असावा.

बरं, ‘एस’ म्हणजे ‘स्लो’सुद्धा. म्हणजे एकाच पाटीवर आधीचा एस कर्जतचा आणि नंतरचा एस धीम्या गतीचा. करी रोडला नव्यानं नोकरीला लागलेल्या एका तरुणाला त्याच्या मामांनी हे शिकवलं ते असं:

“पहिला एस कर्जत. दुसरा एस स्लो. दुसऱ्या ठिकाणी एफ आला तर फास्ट.”

“म्हणजे ‘एस एफ’ आली तर?”

“कर्जत फास्ट.”

“मला वाटलं स्लो फास्ट.”

“तीही असते. पण ती पाटीवर लिहीत नाहीत, गाडीत बसल्यावर कळते.”

ही शिकवणी मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली आहे. पाटी सरकारची, अर्थ मामांचा.

गिरगावच्या बसस्टॉपवर हेच काम एखादी आजी करायची. बेस्टच्या बसवर समोरच्या बाजूला नंबर मराठी आकड्यांत असायचा आणि बाजूला, दरवाज्याजवळ, इंग्रजीत. परगावाहून आलेल्याला मराठी ‘१’ लांबून इंग्रजी नऊसारखा दिसायचा आणि ‘५’कडे तर तो नुसता बघत राहायचा. बाजूचा इंग्रजी नंबर वाचता येईल इतकी बस पुढे आली, की ती पुढेच निघून जायची. मग आजी प्रत्येक बस येताना मोठ्यांदा नंबर पुकारायची. तिला स्वतःला कुठल्या बसनं जायचं आहे हे कुणी विचारत नसे. तिची बस बहुधा केव्हाच गेलेली असायची.

पण या सगळ्यावर ताण केली ती स्वयंचलित तिकीटयंत्रांनी.

तिकिटाच्या रांगा कमी व्हाव्यात म्हणून रेल्वेनं आधी कूपनं काढली. कूपनांचं पुस्तक विकत घ्यायचं, स्टेशनवरच्या पेटीत एकेक कूपन सारून त्यावर तारीख आणि वेळ छापून घ्यायची, की झालं तिकीट. फक्त त्या पेटीतली शाई बऱ्याचदा संपलेली असायची. प्रवासी कूपन उजेडात धरून, तिरकं करून, फुंकर मारून बघायचा आणि टीसीही तेच तसंच करून बघायचा. दोघांपैकी ज्याची नजर तीक्ष्ण, त्याचा विजय. २०१५च्या सुमारास ही पद्धत निकालात निघाली.

तोवर स्मार्ट कार्डाची यंत्रं येऊन ठेपली होती. कार्ड ठेवा, पडद्यावर स्टेशन निवडा, माणसं किती, जायचं की जाऊन यायचं, ते दाबा, तिकीट घ्या. हातांची बोटं शाबूत असली की पुरे, असा यंत्र करणाऱ्यांचा हिशोब. पण त्या हिशोबात मागची रांग धरलेली नव्हती. प्रस्तुत लेखकासारख्या माणसाला एकांतात कुठलंही यंत्र उत्तम चालवता येतं. मागे अकरा माणसं उभी राहून एकाच वेळी सुस्कारा टाकायला लागली, की बोट चिंचपोकळीच्या जागी चिंचवडही शोधायला लागतं. कार्ड जागेवरून हललं की यंत्र पहिल्यापासून सुरुवात करतं. ते पुन्हा नीट ठेवावं, तर मागून सल्ला येतो, “थोडं डावीकडे.” दुसरा म्हणतो, “उजवीकडे.” तिसरा म्हणतो, “काका, खिडकीवर जा ना.”

अखेर रेल्वेनं तोडगा काढला आणि तो मनापासून दाद देण्यासारखा होता. स्वयंचलित यंत्राशेजारी तिनं एक माणूस उभा केला. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली. त्यांनी स्वतःच्या कार्डावर प्रवाशांना तिकिटं काढून द्यायची आणि त्यावर कमिशन मिळवायचं. चाळीस वर्षं खिडकीमागे बसून तिकिटं दिलेला माणूस निवृत्त होऊन खिडकीपुढे उभा राहून तिकिटं देऊ लागला. फरक एवढाच की आता त्याला बसायला खुर्ची नव्हती.

परळच्या यंत्रापाशी गर्दीच्या वेळेला थोडं थांबून बघावं. रांग यंत्रापुढे नसते, त्या माणसापुढे असते. शेजारचं दुसरं यंत्र रिकामं, पडदा लकलकतोय, पण तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. प्रवासी नोट पुढे करून म्हणतो, “दोन डोंबिवली रिटर्न,” आणि त्या गृहस्थांची बोटं पडद्याकडे न बघता चालतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली पडद्यावर कुठल्या कोपऱ्यात आहेत हे त्यांच्या बोटांना पाठ झालेलं असतं. एका हातानं तिकीट आणि दुसऱ्या हातानं सुट्टे. मध्येच एखाद्या मावशी विचारतात, “लेडीज डबा कुठे येतो?” तेही सांगतात. “कर्जत किती वाजता?” तेही. यंत्राला या दोन्ही प्रश्नांची तयारी करून दिलेली नसते, कारण तिकीट काढायला आलेला माणूस फक्त तिकीटच काढायला येतो, अशी यंत्र घडवणाऱ्यांची प्रामाणिक समजूत असते.

यात मुंबईकरांनी कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत झेरॉक्स कंपनीनं एक नवं कॉपी मशीन काढलं. ते वापरायला फार सोपं, अशी जाहिरात होती: हिरवं बटण दाबा, काम झालं. तरी गिऱ्हाइकांची तक्रार, की मशीन भलतंच किचकट आहे. कंपनीच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात लूसी सचमन ही मानववंशशास्त्राची अभ्यासक होती. तिनं यंत्राचा अभ्यास करण्याऐवजी यंत्रापुढच्या माणसांचा अभ्यास करायचं ठरवलं आणि चक्क कॅमेरा लावला. त्या चित्रफितीत दोन गृहस्थ कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलेली प्रत काढायला धडपडताना दिसतात. मशीन भलतंच काही करतं, हे वाकून बघतात, एकमेकांकडे बघतात, पुन्हा बटण दाबतात, वैतागतात.

यातले एक होते ॲलन न्यूवेल, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. संगणकशास्त्रातलं सर्वोच्च मानलं जाणारं ट्युरिंग पारितोषिक त्यांना १९७५मध्येच मिळालेलं होतं. दुसरे रॉन कॅप्लन, भाषा आणि संगणक यांतले नामवंत संशोधक. यंत्राला विचार करायला शिकवणाऱ्यांना यंत्रानं दुतोंडी कागदावर अडवलं होतं. त्यांच्या जागी परळच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा असता, तर त्यानं मान वर न करता विचारलं असतं, “बॅक टू बॅक काढू का?”

पुढे २०१४च्या अखेरीस मुंबईत मोबाइलवर लोकलचं तिकीट काढायची सोय आली. रांग नको, खिडकी नको, घरबसल्या तिकीट! फक्त एक छोटीशी अट होती. मोबाइलवर काढलेलं तिकीट स्टेशनवर जाऊन यंत्रातून कागदावर छापून घ्यायचं. म्हणजे रांग टाळण्यासाठी तिकीट मोबाइलवर काढायचं आणि ते छापण्यासाठी रांगेत उभं राहायचं. पुढच्याच वर्षी कागद गेला आणि नवी अट आली: रुळांपासून ठरावीक अंतर लांब असाल तरच तिकीट निघेल. कारण उघड होतं. समोर टीसी दिसल्यावर घाईघाईनं तिकीट काढणाऱ्या बिलंदरांना आळा घालायचा होता. पण हा नियम करताना मुंबईचा नकाशा कुणी उघडला नसावा. चिंचपोकळी, करी रोड, परळ या पट्ट्यात रुळांना खेटून चाळी उभ्या आहेत. तिथला माणूस गॅलरीत दात घासत तिकीट काढायला गेला, की ॲप त्याला सांगायचं, तुम्ही रेल्वेच्या आवारात आहात.

“अहो, घरात आहे मी.”

ॲप ऐकत नसे. मग तो ब्रश तोंडात धरून चाळीच्या पलीकडच्या टोकाला, सार्वजनिक संडासाच्या दिशेनं जायचा. तिथे तिकीट निघायचं. नंतर स्टेशनवर स्कॅन करायला चौकोनी कोड लावले गेले आणि हा द्राविडी प्राणायाम एकदाचा संपला.

मुंबईकराला नेमकं काय हवं होतं, हे खुद्द रांगेत उभ्या असलेल्याला बरोबर ठाऊक होतं. सचिन टेके या तरुण इंजिनिअरनं २०१०च्या सुमारास एम-इंडिकेटर नावाचं ॲप काढलं, ते बटणांच्या साध्या फोनवर आणि इंटरनेटशिवाय चालायचं. पुढची गाडी कधी, आणि पुढे पुढे तर उतरायचं स्टेशन डाव्या हाताला येणार की उजव्या, हेही ते सांगू लागलं. दरवाज्याची बाजू ही मामुली बाब वाटेल. पण गर्दीच्या वेळी चुकीच्या दाराशी उभा राहिलेला माणूस दादर डोळ्यांसमोरून जाताना बघतो आणि थेट पुढच्या स्टेशनला सुटतो, हे लोकलमध्ये चेपून निघाल्याशिवाय कुणाला सुचणार नाही.

ज्यांच्या शेजारी माणूस उभा करावा लागला नाही अशाही व्यवस्था याच मुंबईत झाल्या आणि त्यांना कुणी ‘सिस्टिम’ म्हटलं नाही. डबेवाल्याच्या डब्याचं झाकण घ्या. मधोमध मोठा आकडा, तो डबा कुठल्या भागात पोचवायचा त्याचा. कडेला आणखी खुणा: कुठल्या डबेवाल्यानं न्यायचा, इमारत कोणती, मजला कितवा. रंग आणि आकार बघून कळतं, की डबा कुठल्या स्टेशनातून निघाला. काम १८९०पासून चालू आहे, आणि अक्षरांच्या आधी तर रंगीत दोऱ्यांवर भागायचं. झाकणावर गिऱ्हाइकाचं नाव नसतं, घरचा पत्ताही नसतो. जो माणूस वर्षानुवर्षं त्याच दारातून डबा उचलतो, त्याला पत्ता कशाला लिहून द्यायचा? एखाद्या सल्लागार कंपनीनं हेच काम केलं असतं, तर झाकणावर ‘वडिलांचे/पतीचे नाव’ आणि ‘जात प्रवर्ग’ हे दोन रकाने आधी आले असते आणि भाजीला जागा उरली नसती. २००३मध्ये ब्रिटनचे युवराज चार्ल्स डबेवाल्यांना भेटायला चर्चगेटला आले, तेव्हा वेळ डबेवाल्यांच्या सोयीनं ठरली. डबे थांबत नाहीत, युवराज थांबू शकतात.

दुसरी गोष्ट भिंतीवरची. गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापलं आणि पंचांग घराघरांत पोचायची वाट मोकळी झाली. पण पोचणं वेगळं आणि कळणं वेगळं. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, वर घटका नि पळं. घरातल्या बाईचा प्रश्न एकच असायचा, “आज चंद्र किती वाजता?” संकष्टीचा उपास तिचा, पोटात कावळे तिच्या, आणि उत्तर मात्र भटजींकडे. जयंतराव साळगावकरांनी १९७३मध्ये कालनिर्णय काढलं तेव्हा या एका प्रश्नाचं उत्तर सरळ तास-मिनिटांत छापून दिलं. पंचांग कॅलेंडरच्या चौकोनात आलं, शेजारी सगळ्या धर्मांचे सण आले, पान उलटलं की पाककृती आणि लेख. पण खरी करामत अशी की चौकोनात थोडी मोकळी जागा राहिली. लालबागमधल्या कुठल्याही स्वयंपाकघरात जाऊन बघा. ‘दूध १ ली.’, ‘पेपर नाही’, ‘बाई खाडा’, ‘सिलिंडर लावला’ असा सगळा संसार त्या मोकळ्या जागेत बॉलपेननं चाललेला असतो. महिनाअखेरीला बाईशी आणि दूधवाल्याशी होणारे तंटे त्याच पुराव्यावर निकाली निघतात. कोर्टानं तो मानला नसता, पण दूधवाला मानतो.

मोकळ्या जागेचं हे महत्त्व लालबागमधल्याच एका पतपेढीला फार महागात शिकावं लागलं. संचालक मंडळानं ठराव केला, की कारभार संगणकावर न्यायचा. ऐरोलीहून एक चुणचुणीत तरुण लॅपटॉप आणि प्रश्नावली घेऊन आला आणि निवृत्तीला आलेल्या हेडक्लार्कसमोर बसला.

“काका, तुमची रिक्वायरमेंट काय आहे?”

“काही नाही रे. आहे ते बरं चाललंय.”

“तरीपण, नव्या सिस्टिमकडून काही अपेक्षा?”

“पंखा बंद पडता कामा नये. मागे खालच्या मजल्यावर कॉम्प्युटर लावला तेव्हा आमचा फ्यूज उडाला होता.”

तरुणानं ‘वापरकर्त्याच्या गरजा’ या सदराखाली ‘पंखा’ असं लिहून घेतलं. मग अध्यक्षांना विचारलं. त्यांनी सांगितलं, पडद्यावर पहिल्यांदा संस्थापकांचा फोटो यायला हवा. खजिनदार म्हणाले, रिपोर्ट रंगीत हवेत. सचिवांचं म्हणणं, पासवर्ड सोपा ठेवा, म्हणजे सगळ्यांना लक्षात राहील. दीड महिन्यात सिस्टिम तयार झाली. संस्थापक हसतमुख आले, रिपोर्ट रंगीत आले आणि पासवर्ड तर नाक्यावरच्या चहावाल्यालाही पाठ झाला.

पहिला दणका बसला तो जन्मतारखेचा. पतपेढीचे निम्मे सभासद कोकणातल्या आणि घाटावरच्या शाळांमधून आलेले. तिथल्या गुरुजींनी त्या काळी दाखल्यावर सरसकट १ जून घातलेली. सिस्टिमनं त्या दिवशी अडीचशे जणांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, हे तरी गोड होतं. पण नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि १ जून इतकं सगळं तंतोतंत जुळणारे दोन सभासद तिनं एकच माणूस धरले आणि एकाचं कर्ज दुसऱ्याच्या ठेवीतून परस्पर वळतं करून टाकलं. एक जण पेढे घेऊन आला. दुसरा काय घेऊन आला ते लिहिण्यासारखं नाही.

दुसरा दणका भाद्रपदात. हप्ता थकलेल्या प्रत्येकाला सिस्टिमनं आपणहून नोटीस धाडली. लालबागमध्ये गणपतीच्या दिवसांत हप्ते थकतात, ही गोष्ट गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक. नोटीस मिळालेल्यांत गणेश मंडळाचे तीन कार्यकर्ते, एक ढोलपथकाचा प्रमुख आणि स्वतः अध्यक्षांचे मेहुणे निघाले. संध्याकाळी पतपेढीच्या दाराशी जमलेली गर्दी पाहून वाटसरू विचारू लागले, “मुखदर्शनाची रांग हीच का?”

ऐरोलीचा तरुण धावत आला. या वेळी त्यानं प्रश्नावली पिशवीतून काढलीच नाही. सकाळी दहापासून तो हेडक्लार्कच्या शेजारी स्टूल टाकून नुसता बसला. काका जुन्या सवयीनं टेबलाखालच्या खणातलं लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर काढायचे, त्यात बघायचे, मग पडद्याकडे वळायचे. दुपारपर्यंत तरुणाच्या लक्षात आलं, की रजिस्टरात तीन प्रकारचं लिखाण आहे. निळ्या शाईत जमा, लाल शाईत थकबाकी, आणि काही नावांपुढे अगदी बारीक, शिसपेन्सिलीची फुली.

“काका, ही फुली कसली?”

“ती? ते काही नाही.”

“तरी सांगा ना.”

“अरे, हा माणूस परवा येऊन सांगून गेला, पोरीचं बाळंतपण आहे, दसऱ्यानंतर भरतो. हा देणारा आहे. याला नोटीस काढायची नसते.”

“आणि ही वर्तुळातली फुली?”

“हाही तेच सांगून गेला. पण हा देणारा नाही.”

“मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“तू रिक्वायरमेंट विचारलीस. पेन्सिल कुठे विचारलीस?”

तरुणानं रात्र जागवली. दुसऱ्या दिवशी त्यानं काकांना पडद्यासमोर बसवलं. प्रत्येक सभासदाच्या नावापुढे आता एक छोटंसं राखाडी बटण होतं, त्यावर ‘पेन्सिल’ असं लिहिलेलं. दाबलं की फुली, आणि अशा माणसाला नोटीस जाणार नाही; दोनदा दाबलं की वर्तुळात फुली, त्याला मात्र जाणार. काकांनी चष्मा पुसला, एका नावापुढे फुली मारून बघितली. मग दुसऱ्या. चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं.

“वा! आता काम झालं बघ.” मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी पडद्याचा कानाकोपरा न्याहाळला आणि विचारलं, “आणि खोडरबर कुठे ठेवलास?”